तक्रार करणारा भाडेकरू

सातारा,
पाडव्यानंतरचा रविवार

चि. छोटीस,


सांगलीच्या घराबद्दल फोनवर जे बोललीस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून बसून लिहिते आहे. खालचे भाडेकरू काका दर महिन्याला काहीतरी कळवतात: न्हाणीच्या छताला ओल आली, मागच्या चेंबरचं झाकण खचलं, मीटरपाशी चरचर आवाज येतो. वरचं जोडपं दोन वर्षांत एक अक्षर बोललेलं नाही, भाडं मात्र पाच तारखेच्या आत जमा. म्हणून करार संपला की काकांना नमस्कार करायचा आणि वरच्यांना ठेवायचं, असा तुझा विचार. मला तो उलटा वाटतो. तुझी झोप उडायचीच असेल तर ती वरच्यांच्या गप्प राहण्याने उडायला हवी.

तुझे बाबा होते तोवर त्या घरावर रोजची नजर होती. कुठल्या पावसात कुठली भिंत ओलावते हे माझ्या दादाला पाठ होतं. पुण्यात नोकरी करून तुला ते जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही नाही. पण घरावर कुणाची तरी नजर असावीच लागते, आणि ती सध्या एकट्या काकांची आहे. ते तुझ्याकडून पगार घेत नाहीत, उलट दरमहा तुलाच पैसे देतात, आणि वर घराची पाहणी करून कळवतात. असा माणूस हातचा घालवायचा?

आता ती न्हाणीची ओल. दिवाळीत तू गवंडी लावून काकांच्या छताचा गिलावा नवा करून घेतलास, रंगही दिलास, आणि आता पोपडे पुन्हा सुटलेत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! ते पाणी वरच्यांच्या न्हाणीतलं आहे. नहाणीट्रॅपच्या भोवतीचं सिमेंट सुटतं किंवा फरशीच्या सांध्यातलं भरण झिजतं, मग अंघोळीचं पाणी थोडं थोडं फरशीखालच्या भरावात उतरतं, तिथे साठतं आणि वाट सापडेल तिथून खाली येतं. वरच्यांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांच्या फरशीवर पाणी तुंबत नाही, मग ते काय कळवणार? खात्री करायची असेल तर ट्रॅपचं तोंड फडक्याने घट्ट बंद करून, न्हाणीत दोन बोटं पाणी रात्रभर कोंडून ठेवायला सांग. त्यात थोडी नीळ टाकली तर सकाळी खालच्या छताकडे बघून वाद मिटतो. मग दुरुस्ती वरूनच करून घे: ट्रॅप काढून नवा बसवायचा, भोवती वॉटरप्रूफिंग, सांधे पुन्हा भरायचे. हे हजारांतलं काम आहे. ओल स्लॅबच्या सळईपर्यंत गेली की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि खालचं काँक्रीट खपल्या होऊन पडायला लागतं. तेव्हा बिलाचा आकडा लाखाकडे जातो. ओल उधारीसारखी असते. डोळ्याला दिसते त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत आलेली असते.

भाडेकरू गप्प बसला की घराचं काय होतं, ते पाहायला तू सातारलाच ये. राजवाड्यापासून समर्थ मंदिराकडे तुला चालत नेते. मधेच एखादं रिकामं दगडी जोतं दिसेल, त्यात उगवलेला पिंपळ, शेजारी नवी अपार्टमेंट. वाडे जुने झाले म्हणून पडले, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. दगडी जोतं, सागवानी खांब, पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर कौलं, अशा घराची दरवर्षी शाकारणी झाली तर ते पिढ्यानपिढ्या उभं राहतं. शाकारणी चुकली आणि एक कौल सरकलं, की पाणी वाशावर येतं, वाशावरून तुळईत जातं, आणि तुळई भिंतीत जिथे टेकते तिथून भिंतीच्या पोटात उतरतं. पांढरी माती वरून भिजली की दोन-चार पावसाळ्यांत भिंत फुगून बाहेर येते. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने पडझड केली हे खरं, पण आमच्या आळीत त्यानंतरही कितीतरी वाडे उभे होते. ते नंतर, संथपणे, गळून गळून गेले.

शाकारणी का थांबली? मुंबई प्रांताचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा होता. लढाईनंतरच्या टंचाईत गरिबाला रस्त्यावर काढू नये म्हणून केलेला, हेतू चांगलाच. पण त्यात भाड्याचा पाया धरला १ सप्टेंबर १९४० चा. त्या दिवशी जे भाडं होतं तेच प्रमाण, आणि ते पुढे दशकानुदशकं जवळपास तिथेच गोठलं. मालक म्हणायचा, एवढ्या पैशात कौलं कशी परतू? भाडेकरू म्हणायचा, घर त्याचं, खर्च मी का करू? डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभा मिळाली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. याच कायद्याच्या १४ व्या कलमात घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, करारात वेगळं ठरलं नसेल तर. मालकाने ऐकलं नाही तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. चाळीस रुपयांच्या खोलीला तो हिस्सा होतो एकशेवीस रुपये. तेवढ्यात गवंडी चहा प्यायलाही थांबत नाही.

मला मात्र कायद्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या वाड्यांमध्ये माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. गळती सांगितली तर मालक म्हणणार, घर धोकादायक झालंय, जागा रिकामी करा. म्हणून भाडेकरू गळतीखाली पातेलं मांडून गप्प बसायचा, आणि मालकही वर बघायचा नाही, कारण बघितलं तर खर्च निघणार. दोघांच्या मौनात वाडा गेला. तुझं वरचं जोडपं गप्प आहे तेही बहुधा याच हिशेबाने: कुरकुर केली तर करार पुढे वाढायचा नाही. तुझा विचार ऐकल्यावर त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

तुझ्या करारात एक कलम आहे: 'सर्व प्रकारची दुरुस्ती राहणाऱ्याने स्वखर्चाने करावी.' एजंटच्या छापील मसुद्यातून आलेलं दिसतंय. लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात लिहिलेलं बरंचसं चालतं, त्यामुळे ते कायद्याच्या दृष्टीने टिकेलही. पण अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस तुझा ड्रेनेजचा पाइप स्वतःच्या पैशाने का बदलेल? तो लाकडाचं बूच ठोकून दिवस काढेल. पुढच्या नोंदणीच्या वेळी हे कलम बदल. करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. ५५ व्या कलमाने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं.

काय कुणी करायचं याचा चांगला नमुना केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, पण करारात तशी वाटणी लिहायला कुणाची ना नाही. भिंती, छप्पर, भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग, भिंतीतले पाइप आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वायसर, बटणं, कुलपं, खिडकीच्या काचा, तुंबलेली मोरी राहणाऱ्याकडे. मी त्यात एक भर घालेन: राहणाऱ्याने काही बिघाड कळवला म्हणून भाडं वाढणार नाही, हेही कागदावर लिही. वकील हसेल, हसू दे.

पैशांचं म्हणशील, तर भाडं म्हणजे सगळं तुझं उत्पन्न हा समज आधी काढून टाक. प्राप्तिकरवाल्यांना हे तुझ्या आधी कळलंय. समज, एका मजल्याचं भाडं महिना नऊ हजार, वर्षाचे एक लाख आठ हजार. त्यातून तू भरलेली घरपट्टी, समज सहा हजार, वजा. उरलेल्या एक लाख दोन हजारांतून तीस टक्के, म्हणजे तीस हजार सहाशे रुपये, सरकार सरसकट वजावट देतं. पावती मागत नाही, खर्च केलास की नाही हेही विचारत नाही. बहुतेक मालक ती बक्षीस समजून खातात. तू ते पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाक. घराला एखाद्या वर्षी पाच हजार पुरतील, एखाद्या वर्षी साठ हजार लागतील. बांधकाम खात्याच्या हिशेब शाखेत माझी सगळी नोकरी झाली, तिथे एक पाहिलं: ज्या इमारतीला देखभालीची तरतूद वेगळी असायची ती टिकायची. जिला 'लागेल तेव्हा बघू' असायचं, तिच्याकडे कुणीच बघायचं नाही.

सातारा आणि सांगली या दोन गावांत पाण्याची तऱ्हा वेगळी, हे तुला ठाऊक असायला हवं, कारण तुझ्या डोक्यात अजून माझं घर आहे. आमच्याकडे पाणी वरून आणि मागून येतं. पाऊस कौलांवर, आणि डोंगराकडच्या भिंतीला जमिनीतून पाझर. म्हणून आमचं काम वैशाखात छपरावर आणि मागच्या चरात. सांगलीत मुळात पाऊस बेताचा. तिथे पाणी येतं ते खालून, आणि तेही बहुतेक वेळा आमच्याच जिल्ह्यातलं. महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात धो धो कोसळतं, कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि सांगलीत स्वच्छ ऊन पडलेलं असताना गावभागाच्या गल्लीत पाणी शिरतं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा ५४ च्या पुढे. तेव्हा पूर ही तुझ्या घराची आपत्ती आहे असं समजू नकोस. ती देखभालीची एक बाब आहे, जरा मोठी.

२०१९ नंतर दादाने मीटर आणि मुख्य बोर्ड वर उचलून घेतला, ते फार शहाणपणाचं केलं. खालच्या खोल्यांतली प्लगची बटणं मात्र अजून गुडघ्याच्या उंचीवर आहेत. तीही वर घे, आणि खालच्या मजल्याची लाइन वेगळ्या एमसीबीवर आण, म्हणजे पाणी शिरलं तरी वरच्यांचा दिवा चालू राहील. पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय कुणी मेन चालू करायचा नाही, हे दोन्ही घरांना आत्ताच सांगून ठेव. गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की सिमेंटसारखा बसतो. हौद उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुवायचा. आणि रंगाची घाई करायची नाही. ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट लावला की आतली ओल कोंडते आणि सगळा रंग पापुद्र्यांनी सुटतो. एक उन्हाळा जाऊ दे, तोवर चुना मार. पुराच्या दिवसांत काकांना घर सोडावं लागलं तर त्या दिवसांचं भाडं मागू नकोस. तेही आधीच करारात असलं की त्या वेळी कुणाला कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही. विमाही उतरव. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते, तिच्यात पूर धरलेला आहे. भाडेकरूचं सामान तुझ्या पॉलिसीत येत नाही, हे काकांना समजावून सांग, म्हणजे ते त्यांची वेगळी काढतील.

तू पाठवलेले भेगांचे फोटो पाहिले. सांगलीची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसात फुगते, तिच्यावर बसलेलं घर थोडं हलतंच. बीम आणि विटांच्या भिंतीमधली सरळ, केसासारखी भेग बहुतेक वेळा निरुपद्रवी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी आणि एका टोकाला रुंद होणारी मात्र बघायला हवी. तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा ठिपका लाव आणि बाजूला तारीख लिही. ठिपका तडकला तर भेग वाढते आहे, मग इंजिनिअर बोलाव. नाही तडकला तर भरून टाक. तोवर जोत्याच्या कडेला पाणी मुरणार नाही एवढं बघ. काकांनी त्या भिंतीलगत केळी लावल्यात आणि त्यांना रोज बादली ओततात. केळी तोडायला सांगू नकोस, कुंपणाकडे हलवायला सांग.

दोन कामं कुणी सांगायची वाट न पाहता कर. पहिलं, दोन्ही मजल्यांना तीस मिलीअँपिअरचं आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग. मीटरपाशी चरचर आवाज येतो म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे, हे तर याच आठवड्यात. दुसरं, वरच्यांनी न्हाणीत गॅस गिझर बसवला आहे असं तू सहज बोलून गेलीस. बंद न्हाणीत गॅस गिझर जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस अंघोळ करता करता कोसळतो. तो बाहेर बाल्कनीत काढायला लाव आणि पाइपचा खर्च तू दे. यात वाटणी बिटणी बघू नकोस.

काका रात्री अकराला मेसेज करतात याचा तुला त्रास होतो, तो मी समजू शकते. त्यांना एवढंच सांग की पाणी, वीज आणि गॅस यांसाठी कधीही फोन करा, बाकीचं रविवारी कळवा, मी सोमवारी उत्तर देईन. आणि सोमवारी उत्तर दे, काम होणार नसलं तरी. माणूस कामाच्या उशिराने चिडत नाही तेवढा उत्तर न मिळाल्याने चिडतो. गवंडी, प्लंबर आणि वायरमन तिघेही सांगलीतलेच ठरवून ठेव. त्यांचे पैसे त्याच दिवशी देत जा, मग पुढच्या वेळी ते आधी तुझ्याकडे येतील. काकांच्या हातून फुटकळ कामं करून घ्यायची असतील तर दोन हजारांपर्यंत न विचारता करा, पावतीचा फोटो पाठवा, भाड्यातून वळते करा, असं ठरव. घरात जाताना आधी कळवून जा. ते घर तुझं असलं तरी चूल त्यांची आहे. आणि भाडं थकलं म्हणून कुणाचं पाणी किंवा वीज तोडायचा विचारही मनात आणू नकोस. भाडे नियंत्रण कायद्याने त्याला मनाई आहेच, शिवाय दादाला ते कधी चाललं नसतं.

एक वही कर. आमच्या खात्यात मोजमाप वही असायची तशी: तारीख, काय बिघडलं, कुणी कळवलं, कुणी दुरुस्त केलं, किती लागले. तीन वर्षांनी ती चाळलीस की कुठला पाइप दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलायचा, हे तुला इंजिनिअरपेक्षा आधी कळेल.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रजा काढ. मी सातारहून येते, तू पुण्याहून ये, दोन दिवस सांगलीत राहू. गच्चीची तोंडं, न्हाणीचा ट्रॅप, चेंबरचं झाकण आणि वायरिंग, एवढं पावसाच्या आत उरकायचं. जूनमध्ये गवंडी मिळत नाही आणि मिळाला तर वरातीमागून घोडं. त्या दोन दिवसांत संध्याकाळी वरच्या जोडप्याकडे चहाला जाऊ. घरात काय काय मोडलंय ते त्यांच्या तोंडून काढायचं काम माझ्याकडे दे.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
आत्या

ता. क. : काकांचं आणि वरच्यांचं डिपॉझिट तू गाडीच्या हप्त्यात घातलंस असं वहिनी म्हणाली. ते त्यांचे पैसे आहेत. पगार झाला की थोडे थोडे करून वेगळ्या खात्यात परत ठेव, आणि देखभालीच्या खात्यात ते मिसळू नकोस.